खिंडीपलीकडचा उतार

मिलिंद, तू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशीसुद्धा तुझ्या आईंनी मला टोकलंच. कोणाशी तरी बोलताना मी म्हणाले, "मिलिंद असं कधी करायचा नाही." आई भिंतीला टेकून बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "आता तरी 'ते' म्हण गं." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मला नाही जमणार ते. कामतघरच्या एकाच गल्लीत आपण वाढलो. तू माझी पेन्सिल मोडलीस आणि मी तुझ्या पाठीत गुद्दा घातला, तेव्हापासून तू 'तू'च आहेस.

लोक चांगलं बोलले तुझ्याबद्दल. गोडाऊनवरचे आले होते, पाड्यावरचे आले होते, गल्लीतले तर होतेच. तू कोणाला रक्त दिलंस, कोणाच्या मुलाला कामाला लावलंस, सगळं निघालं. गाडीचं मात्र कोणी काढलं नाही. एकाने काढायला सुरुवात केली आणि माझ्याकडे बघून तो गप्प झाला. सगळ्यांनी मिळून ठरवल्यासारखं ते टाळलं. पण शेवटच्या त्या काळात आपण दोघं सगळ्यात जास्त बोललो ते गाडीबद्दल. भांडलो तेही तिच्यावरूनच. मग मी ते कुणाशी बोलू?

गाडी तू माझ्यासाठी घेतलीस. खारबावच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला माझं आरोग्य उपकेंद्र, आणि माझ्या हद्दीतला सगळ्यात लांबचा पाडा डोंगराच्या पलीकडे. खालून निघालं की लांबलचक चढ, वर खिंड, आणि खिंडीतून पलीकडे थोडंसं उतरलं की खोलगट जागेत ती घरं. रुग्णवाहिका पायथ्यालाच थांबते, वरची वळणं तिला घेता येत नाहीत. बाईला कळा लागल्या की तिला झोळीत घालून आणायचं, हाच रिवाज. मी लसींचा डबा खांद्याला अडकवून चालत जायचे, संध्याकाळी पाय सुजवून घरी यायचे. तू एक दिवस मला न विचारता ती जुनी आठशे सीसीची पांढरी गाडी दारात आणून उभी केलीस. सीएनजीवरची. "चालवायला स्वस्त," म्हणालास. "सुट्टीच्या दिवशी मी सोडतो तुला. गोडाऊनवर ड्युटी बदलून घेतो."

आणि मग लक्षीचा दिवस आला.

लक्षी पहिलटकरीण होती. मूल आडवं होतं, तिला खाली न्यायलाच हवं होतं. मागे ती, तिची सासू आणि मी, पुढे तू आणि तिचा नवरा. पाड्यातून खिंडीपर्यंतचा चढ छोटा आहे, पण उभा. मधल्या वळणावर गाडी थांबली. तू रेस केलीस, इंजिन ओरडलं, जळक्या वासाने गाडी भरली आणि आपण मागे घसरायला लागलो. तू हँडब्रेक ओढून धरलास. सगळ्यांनी उतरून धक्का दिला. गाडी वीतभर पुढे जायची आणि थांबायची. शेवटी काळूने, लक्षीच्या दिराने, झोळी मागवली. खिंड येईपर्यंत मी तिच्या बाजूने पळत होते; पुढे पायथ्यापर्यंत झोळीच, तिथून रुग्णवाहिका. दवाखान्यात पोचलो. लक्षी वाचली. मूल रडलं नाही.

तू घरी येऊन मोरीत हात धुवत राहिलास, खूप वेळ. मी म्हटलं, झोळीतून नेली असती तरी असंच झालं असतं कदाचित. तू नळ बंद केलास आणि म्हणालास, "झोळीने निघालो असतो तर वेळेत निघालो असतो. गाडी आहे म्हणून थांबलो ना सगळे."

दुसऱ्याच दिवशी तू अन्वरभाईंच्या गॅरेजवर गेलास. मीही बरोबर होते. तू विचारलंस, "हिला टर्बो बसेल का, ताकद वाढवायला?" अन्वरभाई बॉनेटवर कोपर टेकून हसले. "मिलिंदभाई, टर्बो की कीमत में ऐसी दूसरी गाड़ी आ जाएगी. और बिठा भी दिया, तो ये इंजन उसको झेलेगा नहीं." मग तुझा चेहरा बघून त्यांचं हसू गेलं. म्हणाले, "ताकद बाहर से मत डालो. जो अंदर अटकी पड़ी है, वो निकालते हैं."

ते दिवस मला फार आवडले होते, मिलिंद. हे तुला मी कधी सांगितलं नाही, उलट कुरकुरच केली. रविवारी स्वयंपाकघरात एअर फिल्टर. माझ्या पातेल्यात बुडवलेले स्पार्क प्लग, ते पातेलं मी मग फेकून दिलं. तू ओट्याशी बसून दात घासायच्या ब्रशने ते काळे प्लग घासायचास आणि मला समजावायचास: इंजिनाला श्वास घेता आला पाहिजे, म्हणून फिल्टर; ठिणगी नीट पडली पाहिजे, म्हणून प्लग; आणि जळका वास आला होता तो क्लचचा, प्लेट झिजलीय, ती घसरत होती, ताकद चाकापर्यंत जातच नव्हती. आई म्हणायच्या, "बाळंतपणाला एवढी तयारी केली नव्हती हो आम्ही." तू क्लच प्लेट बदललीस. गंजलेला सायलेन्सर आतून चोंदला होता, तो बदललास. टायरमध्ये हवा कायम कमी असायची, ती नीट ठेवायला लागलास. डिकीतल्या फरशा निघाल्या, त्या कशाला ठेवल्या होत्यास कोणास ठाऊक. मागचं एक चाक फिरताना अडत होतं, ते अन्वरभाईंनी उघडून साफ केलं. प्रत्येक वेळी आपण गाडी घेऊन खिंडीच्या त्या वळणापर्यंत जायचो आणि प्रत्येक वेळी ती जरा वर जाऊन मग दम टाकायची.

शेवटी राहिली सीएनजीची टाकी. अन्वरभाई म्हणाले, "अगला पहिया खींचता है, और आप इतना वज़न पीछे बांध के बैठे हो. ऊपर से गैस पे ताकद वैसे भी कम." तू टाकी काढून टाकलीस. गाडी फक्त पेट्रोलवर.

आणि ती चढली. आपण पाच जणांना बसवून बघितलं, काळू मागे मधोमध बसला होता, जाणूनबुजून जड होऊन. त्या वळणावर तू पहिला गिअर टाकलास आणि गाडी न थांबता वळली. खिंडीत पोचल्यावर काळूने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून आरोळी मारली. पाड्यावर ती ऐकू गेली. खिंडीत वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे, तिथे काळूचे वडील, जान्याकाका, उतरले. त्यांनी दगडापुढे तांदूळ ठेवले. तू लांब उभा राहिलास, हात मागे बांधून. जान्याकाका म्हणाले, "दादा, तुमी मानता का न्हाय, त्याचं काय न्हाय. पण हितं थांबत जावा. इथून पुढं उतार हाय." तू म्हणालास, "थांबेन काका."

त्या दिवशी तू इतका हसत होतास, की मी तुझ्याकडे बघतच बसले होते. खाली उताराकडे मीही बघितलं नाही.

त्यानंतर तू किती बायकांना खाली आणलंस ते मी सांगत बसत नाही. त्या बायका आल्या होत्या पुण्यानुमोदनाला, पोरांना घेऊन.

पेट्रोल मात्र परवडेना. मी म्हटलं, आपण पाड्यावरच्यांकडून थोडं घेऊ या, ते द्यायला तयार आहेत. तू चिडलास. "त्यांच्याकडून घेतलं की ते बोलवताना विचार करतील. विचार करण्यात वेळ जातो." मग तू दुसरा उपाय काढलास. खिंडीतून खालपर्यंतचा सगळा उतार. तिथे इंजिन कशाला हवं?

पहिल्यांदा तू ते केलंस तेव्हा गाडीत आपण दोघंच होतो. खिंड ओलांडली, तू गिअर काढलास आणि चावी मागे फिरवलीस. आवाज बंद झाला. मला वाटलं, गाडी बिघडली. तू म्हणालास, "ऐक." टायरखालची खडी ऐकू येत होती. झाडीतला कसला तरी पक्षी ऐकू आला. गाडी आधी सावकाश, मग जरा भराभर खाली जायला लागली, एवढी सगळी मोकळी केलेली, घासलेली, अडथळे काढलेली गाडी, न अडखळता. तुला ते फार आवडलं. "बघ, फुकट," म्हणालास. मी दाराची कडी धरली. भीती कशाची ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मी आजारी माणसांत काम करते. एखाद्याचा त्रास एकदम थांबून तो शांत पडला, की मला बरं वाटत नाही, मी आधी नाडी बघते. तसलंच काहीतरी.

"चालू कर," मी म्हटलं.

"ब्रेक आहेत ना."

"तरी चालू कर."

"सुजाता, सगळे ट्रकवाले करतात."

"मग ते ट्रक कुठे पडलेले असतात, तेही बघतोस ना?"

तू हसलास. पुढे कधीतरी अन्वरभाईंसमोर मी मुद्दाम विषय काढला. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. तुला म्हणाले, "बंद इंजन में ब्रेक एक-दो बार लगेगा, फिर पत्थर हो जाएगा. पैर से दबता नहीं. इंजन चलता है, तब तुम्हारे पैर को मदद मिलती है. ऐसा मत करो." तू म्हणालास, "थोडासा ढलान है, अन्वरभाई." ते म्हणाले, "थोडासा है तो गियर में उतरो." तू मान हलवलीस. मला वाटलं, झालं, एकदाचं मिटलं.

पण मिटलं नव्हतं. मी बरोबर असले की तू चावीला हात लावायचा नाहीस. बाई बरोबर असली तर नाहीच नाही. एकटा असलास की करायचास, हे मला ठाऊक होतं, कारण पेट्रोलचा काटा किती कमी उतरतो ते मला दिसत होतं. एकदा तू घरी आलास आणि पुढच्या चाकात झुडपाच्या फांद्या अडकलेल्या होत्या. मी बघत उभी राहिले. तू म्हणालास, "वळणावर जरा बाहेर गेलो." कसा, ते विचारलं तर म्हणालास, "पाय कमी पडला." त्या रात्री जेवताना मी तुझ्याकडे न बघताच ताट सरकवलं. आई दोघांकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी तू डबा घेताना म्हणालास, "नाही करत आता. खरंच." मी म्हटलं, "शपथ घे." तू म्हणालास, "शपथ कसली, शब्द देतो."

मला आजही कळत नाही, मिलिंद, तू तो शब्द पाळलास की नाही.

त्या दिवशी पाड्यावर लसीकरण होतं. मुलं जास्त आली आणि लस कमी पडणार हे माझ्या लक्षात आलं. तू म्हणालास, "मी उपकेंद्रातून आणतो, जाऊन येतो." मी एका बाळाची मांडी धरून होते, मान वर केली नाही, नुसतं "हं" म्हटलं. तुझी गाडी चढायला लागली. तो आवाज मला पाठ झाला होता. मधलं वळण, तिथे पहिला गिअर, मग वरची सरळ चढण. मुलं मोजल्यासारखी "गेली, गेली" करत बघत होती. मग गाडी खिंडीत दिसेनाशी झाली आणि आवाज थांबला.

खिंडीपलीकडे गेल्यावर आवाज थांबतोच. डोंगर मधे येतो. दर वेळी थांबायचा. मी बाळाच्या मांडीवर कापूस दाबून धरला होता आणि तो थांबलेला आवाज ऐकत होते. वाटलं, आज जरा लवकर थांबला का? मग वाटलं, वारा उलटा असेल. पुढच्या बाईने मूल पुढे केलं आणि मी सुई भरली.

खालच्या बाजूने गुरं घेऊन चढत होता तो काळू. त्याने आधी आवाज ऐकला, धडकेचा नव्हे, झाडं मोडल्याचा. मग गाडी ओहोळात दिसली. तो उतरला. मला बोलवायला त्याने कोणाला तरी पाड्यावर पळवलं, आणि मी पळत गेले. मी जे करायचं असतं ते सगळं केलं. नाडी बघितली, श्वास बघितला, मान धरून ठेवली. काळू म्हणाला, "ताय, किती वेळ करतीस?" तेव्हा मी थांबले.

पोलीस आले, त्यांनी विचारलं, चावी कोणी बंद केली? गाडीची चावी बंद होती. काळू म्हणाला, "म्या. पेट्रोलचा वास येत हुता, आग लागंल म्हनून म्या किल्ली फिरवली." मी नंतर त्याला एकट्याला गाठलं. म्हटलं, "काळू, तू फिरवलीस तेव्हा ती चालू होती का? नीट आठव." तो विचार करत राहिला. "फिरवली म्या. पन ती फिरली का, का आधीच फिरलेली हुती... न्हाय आठवत, ताय." त्याला मी पुन्हा विचारणार नाही.

म्हणजे आपलं भांडण तिथेच राहिलं. तू करत नव्हतास असं धरलं, तर ब्रेक गेला असेल, खडी असेल, एखादं जनावर आडवं आलं असेल, आणि तू शब्द पाळलेला असशील. तू करत होतास असं धरलं, तर मी बरोबर होते. आणि बरोबर असणं मला नको आहे. मी रोज यातलं एक धरते आणि सकाळपर्यंत ते सुटतं.

आई म्हणतात, बदली माग. "त्या डोंगरानं माझा एक नेला," म्हणतात, "दुसरीला मी नाही सोडायची तिकडे." मला दुसरी म्हणाल्या, मिलिंद. तू असतास तर चिडवलं असतंस.

मी बदली मागितली नाही. मागणारही होते खरं तर, अर्ज डोक्यात तयार होता. तेवढ्यात बुधीच्या नवऱ्याचा फोन आला. बुधी, तुला आठवेल, जान्याकाकांची नात, गाडीत बसली की उलटी करायची. तिला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. सकाळची वेळ. मी कोणाला फोन करणार? तुझ्यानंतर पाड्यावर यायला एकही गाडीवाला तयार नव्हता. मी अन्वरभाईंना लावला. ते म्हणाले, "नीचे आ जाओ. मैं निकला."

त्यांची जुनी व्हॅन तू बघितलेली आहेस. वाटेत ते फक्त गाडीचा आवाज ऐकत होते. चढ चढलो. खिंड ओलांडून पाड्यात गेलो, बुधीला मागे झोपवलं, तिची आई आणि मी दोन्हीकडून बसलो, आणि परत वर खिंडीत आलो. जान्याकाका चालत आधीच येऊन दगडापाशी उभे होते. अन्वरभाईंनी गाडी थांबवली. मला वाटलं, काकांसाठी थांबवली. पण ते उतरले आणि पुढे कडेला जाऊन उभे राहिले. येताना चढ चढताना त्यांनी फक्त समोरचं बघितलं होतं. आता पहिल्यांदा त्यांनी तो उतार वरून बघितला, खालपर्यंत. वळणामागून वळण, कडेला कठडा नाही, आणि तिसऱ्या वळणापाशी मोडलेली झाडं.

ते परत आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाभी, इतने महीने मैंने उस गाड़ी पे काम किया. चढ़ाई का एक-एक मोड़ उसने मुझे समझाया. ये रास्ता उसने मुझे कभी नहीं बताया."

बुधी मागे कण्हत होती. जान्याकाकांनी व्हॅनच्या पत्र्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. अन्वरभाईंनी पहिला गिअर टाकला आणि आम्ही उतरायला लागलो.

इंजिन एवढं घरघरत होतं की बोललेलं ऐकू येत नव्हतं. मला तो आवाज हवा होता. प्रत्येक वळणावर मी तो आहे ना हे बघत होते. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला अन्वरभाईंचे ओठ हलत होते, काहीतरी म्हणत होते ते, मनातल्या मनात. मी खिडकीकडे बघितलं नाही, बुधीच्या पोटावर हात ठेवून होते. व्हॅन एका खड्ड्यात आदळली. बुधीचे डोळे मिटलेलेच होते, ती घामाने भिजली होती, तिला कुठे आहोत, कोण गाडी चालवतंय, कशाचंच भान नव्हतं. तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि नेहमी म्हणायची तसंच म्हणाली, "ताय, दादाला सांग ना, जरा हलू चालव."

तिच्या आईने तोंडावर हात ठेवला. अन्वरभाईंनी आरशातून मागे बघितलं.

"सांगते," मी म्हणाले.